अर्ज कुणाच्या नावे लिहायचा?

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात ६ सप्टेंबर १७७४ च्या मंगळवारी दिवाणी कोर्टाचं सत्र सुरू व्हायचं होतं. ते झालंच नाही. आजूबाजूच्या ३७ गावांमधून ४,६२२ माणसं चालत आली आणि त्यांनी कोर्टाची इमारत अडवून धरली. न्यायाधीश, वकील आणि बाकीचे अंमलदार जवळच्या हेवूडच्या खानावळीत अडकून पडले. दिवसभर निरोपानिरोपी चालली. शेवटी गावागावांच्या तुकड्या मुख्य रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिल्या आणि अंमलदारांनी टोप्या हातात धरून त्या दोन रांगांमधून चालायचं ठरलं. चालताना त्यांनी लेखी दिलेली कबुली मोठ्याने वाचायची होती : राजाच्या नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही. रांगा इतक्या लांब होत्या, की सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ती तीसहून अधिक वेळा वाचावी लागली. एकही गोळी सुटली नाही. आणि त्या दिवसानंतर वूस्टर परगण्यावर इंग्लंडच्या राजाचा अंमल परत कधी बसला नाही.

अमेरिकन क्रांती म्हटलं, की आपल्याला बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आठवतो, लेक्सिंग्टनची पहिली गोळी आठवते, फिलाडेल्फियातला जाहीरनामा आठवतो. वूस्टरचं हे कोर्ट लेक्सिंग्टनच्या सात महिने आधी बंद पडलं. मी या भागात बरीच वर्षं राहते. इथल्या मराठी घरांतली मुलं शाळेत क्रांती शिकून येतात, तेव्हा त्यांच्या वह्यांत बॉस्टन असतं, वूस्टर नसतं. कदाचित कुणी मेलं नाही म्हणून नसेल. मला मात्र सगळी क्रांती समजली ती याच दिवसामुळे. राज्य उलथलं ते इथे, साध्या शेतकऱ्यांच्या हातून, आणि कुणा मोठ्या पुढाऱ्याच्या सहीची वाट न पाहता.

ही माणसं घरून का निघाली असतील? कराने पिचली होती म्हणावं, तर आकडे तसं सांगत नाहीत. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने इंग्लंडचं राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. १७६३ मध्ये युद्ध संपलं, तेव्हा वसाहतींमध्ये सैन्य ठेवायचा खर्च वसाहतींनीही थोडा उचलावा, असं लंडनला वाटलं. १७६५ चा स्टॅम्प कायदा आला तो त्यातून. कोर्टाची कागदपत्रं, परवाने, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा शिक्का असलेल्या कागदावर हवा. आपण जन्मभर स्टॅम्पपेपरवर सह्या करत आलो आहोत, त्यामुळे यात चिडण्यासारखं काय, असं आपल्याला पटकन वाटतं. इंग्लंडातली माणसं हा कर कित्येक वर्षं भरतच होती, आणि एकूण करांचं ओझं त्यांच्यावर वसाहतींपेक्षा जास्त होतं.

डॅन्व्हर्स गावचा लेव्ही प्रेस्टन १९ एप्रिल १७७५ ला, म्हणजे लेक्सिंग्टनच्या दिवशी, इंग्रजी शिपायांवर गोळ्या झाडायला धावला होता. म्हातारपणी, नव्वदी ओलांडल्यावर, एका तरुणाने त्याला कारण विचारलं. स्टॅम्पचा जाच होता का? त्याने म्हणे एकही स्टॅम्प डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग चहावरचा कर? चहाचा थेंब कधी प्यायला नव्हता. स्वातंत्र्यावरची मोठमोठी पुस्तकं? ती ऐकलीही नव्हती. घरात बायबल होतं आणि पंचांग. मग लढलात कशासाठी? त्याचं उत्तर साधं होतं. आम्ही आमचा कारभार कायम आमचा आम्ही करत आलो होतो, पुढेही करणार होतो, आणि आम्ही तो करू नये असं त्यांना वाटत होतं.

न्यू इंग्लंडमधल्या गावांचा हा कारभार म्हणजे टाउन मीटिंग. ती अजून भरते. मी पहिल्यांदा एका गावच्या मीटिंगला जाऊन बसले, तेव्हा रात्री उशिरापर्यंत बर्फ उपसायच्या गाडीवर आणि शाळेच्या छपरावर वाद चालला होता. कंटाळवाणा, चिवट, तपशिलात रुतलेला वाद. एका आजींनी अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर उभं राहून हरकत घेतली आणि सगळ्या सभागृहाला ती ऐकावी लागली. दीडशे वर्षं असं ऐकून घ्यायची सवय झालेल्या माणसांना, तुमचं ऐकणार नाही, असं कुणी सांगितलं तर काय होईल, याचा अंदाज मला त्या खुर्चीवर आला.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. विहिरीचा वाद, बांधाची कोर, अडकलेलं पेन्शन. माणूस ओट्यावर येऊन आपलं गाऱ्हाणं सांगायला लागला, की आजोबा त्याला मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, ‘‘अर्ज कुणाच्या नावे लिहायचा?’’ तलाठ्याच्या, मामलेदाराच्या, की कलेक्टरच्या? ते ठरल्याशिवाय टाक दौतीत बुडत नसे. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ लिहिणाऱ्याचा साहेबावर थोडा तरी भरवसा असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अमेरिकन वसाहतींचे कागद वाचताना मी मजकुराआधी तीच ओळ बघायला लागले. दहा-अकरा वर्षांत गाऱ्हाण्यांचा मजकूर फारसा बदलत नाही. वरचं नाव बदलत जातं.

१७६५ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजा, उमरावांचं सभागृह आणि कॉमन्स अशा तिघांच्या नावे लिहिलं. आमचे प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाहीत, तेव्हा कर आम्हीच आमच्या सभांमध्ये बसवू, हा मुद्दा. भाषा अतिशय नम्र. त्याच सुमाराला बॉस्टनमध्ये जमावाने थॉमस हचिन्सन या उपगव्हर्नराचं घर फोडून आतलं सामान रस्त्यावर फेकलं होतं, त्याने लिहीत आणलेल्या वसाहतीच्या इतिहासाची हस्तलिखितं चिखलात गेली होती. त्या रात्रीचं समर्थन मला करवत नाही. हचिन्सन स्वतः स्टॅम्प कायद्याच्या बाजूचा नव्हता.

व्यापाऱ्यांनी इंग्लिश माल घेणं बंद केलं तसा १७६६ च्या मार्चमध्ये कायदा मागे घेतला गेला. वसाहतींमध्ये आनंदीआनंद झाला. न्यूयॉर्ककरांनी कृतज्ञता म्हणून तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा मागवला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदाही केला होता : वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पेढे वाटण्याच्या गडबडीत तो कागद फार कुणी नीट वाचला नाही.

पुढचं वेगाने घडतं. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात. १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये फौज. ५ मार्च १७७० ला शिपायांच्या गोळीबारात पाच माणसं मेली, त्यांत आफ्रिकी आणि स्थानिक वंशाचा खलाशी क्रिस्पस ॲटक्स होता. शिपायांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतलं आणि बहुतेकांना सोडवून आणलं. मला या सगळ्या कथेत फार मोलाची वाटणारी ही गोष्ट आहे, कारण कोर्टावर अजून लोकांचा विश्वास होता. जकातीही उठल्या, फक्त चहावरची राहिली.

आणि चहापाशी ही गोष्ट आपल्याकडे वळते. बॉस्टनला बुडवलेला चहा चिनी होता, पण तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७७० च्या दुष्काळात बंगाल उजाड झालं, कंपनीची घडी विस्कटली, १७७२ मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर आली. तिला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मध्ये तिचा पडून राहिलेला चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. चहा त्यामुळे स्वस्तच होणार होता! तरीही फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बजावलं, की या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेने मेली असं सांगतात, आणि आता तिची नजर आपल्यावर आहे. बंगालमधल्या मेलेल्यांची आठवण त्या वर्षी फिलाडेल्फियात कुणी काढली होती, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

ती बातमी लंडनला पोचली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधी म्हणून तिथेच होता. त्याने एक अर्ज दिलेला होता : हचिन्सन, जो आता गव्हर्नर झाला होता, त्याला हटवा. २९ जानेवारी १७७४ ला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, सुनावणी झाली. सुनावणी कसली, सरकारी वकील वेडरबर्नने तासभर फ्रँकलिनचीच यथेच्छ निर्भर्त्सना केली आणि जमलेले सरदार हसत राहिले. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभा होता. अर्ज फेटाळला गेला, वर निराधार आणि खोडसाळ ठरला. त्यानंतर फ्रँकलिनने घरी लिहिलं, त्याचा आशय असा : गाऱ्हाणी कळल्याशिवाय दूर होत नाहीत, आणि ती अर्जांतूनच कळतात. अर्ज करणं हाच गुन्हा ठरला, आणि ते पोचवणाराही नकोसा झाला, तर राज्याचे भाग एकत्र राहणार कसे? साम्राज्यावर मनापासून प्रेम करणारा हा माणूस त्या दालनात आत गेला तसा बाहेर आला नाही, असं मला वाटतं. चार वर्षांनी फ्रान्सशी तह करताना त्याने त्या सुनावणीच्या दिवशी घातलेलाच मखमली पोशाख अंगावर चढवला.

चहाच्या शिक्षेदाखल जे कायदे आले, त्यातल्या बॉस्टन बंदर बंद करणाऱ्याबद्दल सगळे बोलतात. इतर वसाहतींनी उपाशी बॉस्टनसाठी धान्य पाठवलं, मेंढ्यांचे कळप हाकत आणले, हे खरं आणि सुंदर आहे. पण वूस्टरच्या शेतकऱ्याला हलवलं ते दुसऱ्या कायद्याने. त्यात मॅसॅच्युसेट्सचं निवडलेलं सल्लागार मंडळ गेलं, राजाने नेमलेलं आलं. ज्यूरीतली माणसं गव्हर्नराने नेमलेला शेरीफ निवडणार. टाउन मीटिंग वर्षातून एकदाच, जास्त हवी तर गव्हर्नराची परवानगी काढायची, आणि त्याने ठरवलेल्या विषयाबाहेर बोलायचं नाही. दिवाणी कोर्टात कर्जाचे दावे चालत. जो न्यायाधीश तुमची जमीन सावकाराला देऊ शकतो, तो आणि त्याची ज्यूरी दोन्ही आता तुमच्या हाताबाहेरची. स्टॅम्प न पाहिलेल्या, चहा न प्यायलेल्या माणसाला हे बरोबर कळलं.

म्हणून ६ सप्टेंबरला कुणी अर्ज आणला नव्हता. वूस्टरच्या चळवळीचा म्होरक्या टिमोथी बिगेलो हा लोहार होता. ४ ऑक्टोबरला गावाने टाउन मीटिंग भरवून, अर्थातच परवानगीशिवाय, त्याला प्रांतिक काँग्रेसमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी स्वतःच भरवलेल्या सभेत, पाठवताना लेखी सूचना दिली, की जुनं सरकार विसर्जित झालं असं समज आणि राखेतून नवं उभं करायच्या मागे लाग. जाहीरनाम्याला तेव्हा पुरते एकवीस महिने अवकाश होता.

फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या काँग्रेसचे पुढारी या लोहाराच्या बरेच मागे होते. १७७४ मध्ये त्यांनी पार्लमेंटचं नाव वरून काढून टाकलं आणि एकट्या राजाला लिहिलं. तो अर्ज पार्लमेंटपुढे आला तो इतर कागदांच्या ढिगात, वेगळी खूणही नसलेला. १७७५ च्या जुलैमध्ये, लेक्सिंग्टन आणि बंकर हिलला रक्त सांडून झाल्यावर, पुन्हा एकदा राजालाच लिहिलं. तो अर्ज राजाने घेतलाच नाही. वसाहती बंडखोर आहेत अशी घोषणा त्याने २३ ऑगस्टलाच केली होती. मग जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. पेन इंग्लंडमधून येऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं, आणि इथल्या कुणाच्या जिभेवर येत नव्हतं ते त्याने लिहिलं : चूक मंत्र्यांची नाही, राजाचीच आहे, राजा असण्याचीच आहे.

४ जुलैच्या जाहीरनाम्याचं दुसरं वाक्य आपल्याला पाठ असतं. त्याखालची सत्तावीस गाऱ्हाणी कुणी वाचत नाही. त्यांतली बरीचशी आधीच्या अर्जांतलीच आहेत. फरक एवढाच, की ती आता राजाला सांगितलेली नाहीत, राजाविषयी जगाला सांगितलेली आहेत. पाच दिवसांनी न्यूयॉर्ककरांनी तो मुलाम्याचा पुतळा खाली ओढला आणि त्याच्या शिशाच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या. वूस्टरला १४ जुलैला आयझाया टॉमस या छापखानेवाल्याने जाहीरनामा लोकांना वाचून दाखवला.

पण त्याच जाहीरनाम्यात स्थानिक जमातींना निर्दय रानटी म्हटलेलं आहे. ज्यांच्या जमिनीवर ही सगळी गावं वसली, त्यांचं गाऱ्हाणं या कागदावर आलं नाही. आणि गुलामांच्या व्यापाराला दोष देणारा परिच्छेद काँग्रेसने गाळून टाकला.

मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनीही अर्ज केले होते. जानेवारी १७७३ मध्ये फेलिक्स या नावाने केलेल्या अर्जात म्हटलं होतं, की आमच्यापाशी मालमत्ता नाही, बायका नाहीत, मुलं नाहीत, गाव नाही, देश नाही. तो गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या नावे होता. दोघांनीही काही केलं नाही. मार्च १७७५ मध्ये ब्रिस्टल आणि वूस्टर परगण्यांतल्या कृष्णवर्णीयांनी नवा अर्ज केला, आणि तो लिहिला वूस्टरच्या बंडखोर समितीच्या नावे. राज्य आता कुणाच्या हातात आहे, हे त्यांनी फिलाडेल्फियाच्या पुढाऱ्यांच्या आधी ओळखलं होतं! त्या जूनमध्ये परगण्याच्या सभेने ठराव केला, की माणसाला गुलाम करण्याचा आम्हाला तिटकारा आहे. ठरावाने कुणी सुटलं नाही. सुटला तो क्वॉक वॉकर, १७८१ मध्ये, मालकाने मारलं म्हणून वूस्टरच्याच कोर्टात दावा लावून. ज्यूरीने त्याला स्वतंत्र माणूस ठरवलं आणि पन्नास पौंड भरपाई दिली. १७८३ मध्ये सरन्यायाधीश कुशिंगने ज्यूरीला सांगितलं, की राज्याच्या नव्या घटनेत गुलामगिरीला जागा नाही. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदलेला नाही.

इथे जोतीराव फुल्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी तरुणपणी, १८४७ च्या सुमारास वाचलं होतं. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाने आपल्या पुस्तकावर कुणाचं नाव घालायचं ते ठरवलं, आणि समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांचं घातलं. त्यांना जवळचा ऐकणारा दिसला नसेल का? मला तसंच वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

युद्ध संपलं, आणि वूस्टरचं कोर्ट पुन्हा एकदा बंद पडलं. ५ सप्टेंबर १७८६, बारा वर्षांत एक दिवस कमी. युद्धाचं कर्ज फेडायला नव्या राज्याने जबर कर बसवले होते, तेही रोकड मागत होते, आणि कर्जापायी शेतं जात होती. गावोगावच्या सभांनी बॉस्टनला अर्ज केले. त्या उन्हाळ्यात विधिमंडळ काहीच न करता उठलं. मग माणसं पुन्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर आली. समोर न्यायाधीश म्हणून उभा होता श्रूजबरीचा आर्टेमास वॉर्ड, १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा घालणाऱ्या फौजेचा पहिला सेनापती. संगिनी त्याच्या छातीला टेकल्या, तरी तो बराच वेळ त्यांना समजावत राहिला. तेही त्याच्याचसारखे युद्धातून आलेले शिपाई होते. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज बंकर हिलला लढला होता. आणि सॅम्युएल ॲडम्स, ज्याने आयुष्य बंड पेटवण्यात घालवलं, तो म्हणाला, की राजाविरुद्धचं बंड एक वेळ माफ करता येईल, पण प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्याला मरणच हवं.

ॲडम्सचं म्हणणं मला कठोर वाटतं, पण त्यातला तर्क मी उडवून लावू शकत नाही. १७७४ च्या माणसांना गव्हर्नर बदलता येत नव्हता. १७८७ च्या वसंतात, बंड मोडून काढल्यावर, मतदारांनी गव्हर्नर बोडनला घरी बसवलं आणि जॉन हँकॉकला निवडलं. नव्या विधिमंडळाने कर कमी केले, कर्जवसुली थांबवली, बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली. दोघे फासावर गेले.

टिमोथी बिगेलो युद्धात कर्नल झाला. परतला तेव्हा भट्टी बसलेली होती, लष्करी पगाराच्या कागदी नोटांना किंमत नव्हती. १७९० च्या फेब्रुवारीत त्याला कर्ज थकलं म्हणून वूस्टरच्या तुरुंगात टाकलं, आणि ३१ मार्चला तो तिथेच मेला. वूस्टर कॉमनवर त्याचं संगमरवरी स्मारक १८६१ मध्ये त्याच्या पणतवाने उभारलं. ओळखीतल्या मुलांना मी तिथे नेते, तेव्हा त्याच्या लढायांबरोबर तो तुरुंगही सांगते.